उत्तर स्टँडमधली हलगी

मी हलगी बोलतेय. खरं म्हणजे बोलायच्या आधी मला शेकावं लागतं. गार पडलेलं कातडं नुसतं भद्द भद्द करतं, आणि तसल्या आवाजात चारचौघांत तोंड उघडायला मला लाज वाटते. पण आज दुपारचं ऊन खिडकीतून थेट माझ्यावर पडलंय, अंग छान ताणलंय, तेव्हा सांगूनच टाकते. मध्ये थांबवू नका बरं का, मला एकदा सुरू झाल्यावर थांबायची सवय नाही.

माझा जन्म निपाणीजवळच्या एका खेड्यातला. कडं लोहाराने वळलं, कातडं बोकडाचं. ते आप्पाजींनी स्वतः भिजवलं, खरवडलं, कड्यावर ओढून बसवलं आणि वाळेपर्यंत दारात बसून कुत्र्यांपासून राखलं. आप्पाजी म्हणजे माझे पहिले धनी. जाड टिपरू उजव्या हातात, बारीक काडी डाव्या हातात, आणि मी त्यांच्या छातीशी. लग्नाची चाल वेगळी, जत्रेची वेगळी, कुस्तीच्या मैदानाची वेगळी आणि मयताची वेगळी. चाल ऐकून शेतातला माणूस सांगायचा, गावात काय चाललंय ते.

आवाज माझा गावभर जायचा, पण मी आणि आप्पाजी मात्र वेशीबाहेरच्या वस्तीत राहायचो. आप्पाजींना कुणी नावाने बोलवत नसे. वस्तीच्या तोंडाशी उभं राहून हाक यायची, "ए हलगी!" हाक आली की ताटावरून उठायचं. वाजवून झालं की लांब बसायचं, पंगत उठल्यावर जेवायचं. आप्पाजींचा मुलगा उमाकांत हे सगळं बघत मोठा झाला. हात बापासारखाच, अगदी पाण्यासारखा चालायचा, पण ती हाक आली की पोराचं तोंड आंबट व्हायचं.

मग आप्पाजी गेले. गावातल्या प्रत्येक मयतापुढे जो माणूस वाजवत गेला, त्याच्या स्वतःच्या मयतापुढे वाजवायला कुणीच नव्हतं. उमाकांतने मला उचललं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तसाच वाजवत वाजवत तो पुढे चालला. ती मयताची चाल त्याने माझ्यावर वाजवलेली शेवटची चाल. त्याच आठवड्यात त्याने बेंगळुरूची गाडी धरली. "आता मला कुणी हाक मारायची नाही," असं आईला म्हणाला. आणि एवढं म्हणूनसुद्धा मला गोणपाटात गुंडाळून बरोबर घेतलं. माझं मन तेव्हा भरून आलं होतं, ते आजही येतं.

बेंगळुरूत उमाकांत चिकपेटेतल्या साड्यांच्या घाऊक दुकानात लागला. लग्न झालं, बायको राजलक्ष्मी घरात आली, मुलगी झाली, तिचं नाव प्रणिता. विजयनगरला दोन खोल्यांचं घर झालं. मी माळ्यावर. वर्षातून एकदा, आयुधपूजेला, उमाकांत स्टूल घेऊन चढायचा, मला खाली काढायचा, तेल चोळायचा, कुंकू लावायचा. सगळं शहर आपापली रिक्षा, मशीन, संगणक पुजत असायचं, तेव्हा तो मला पुजायचा. टिपरू मात्र हातात धरायचा नाही. प्रणिता लहानपणी दरवर्षी विचारायची, "वाजवू का बाबा?" आणि तो दरवर्षी म्हणायचा, "नको." पुन्हा गोणपाट, पुन्हा माळा.

पण एक गंमत होती. जेवण झालं, किंवा दुकानात काही बिनसलं, की उमाकांतची बोटं आपोआप ताटावर वाजायला लागायची. एक मोठा ठोका, मग लांब थांबणं, मग दोन बारीक. त्याचं त्याला भान नसायचं. माळ्यावर मला मात्र ऐकू यायचं आणि माझं कातडं शहारायचं, कारण ती आप्पाजींची शेवटची चाल होती. आणि खाली फरशीवर बसून एक छोटी पोरगी पेल्यावर तीच चाल बोटांनी गिरवत असायची. त्या दोघांपैकी कुणालाच कळत नव्हतं की आपण काय वाजवतोय.

प्रणिता मोठी झाली, बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात नोकरीला लागली. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि गोड बोलायचं, असलं काम. एकदा मैत्रिणींनी तिला फुटबॉलचा सामना बघायला नेलं. संघ आपल्याच शहरातला, हलसूर रोव्हर्स, जांभळे कपडे. तिथे उत्तरेकडच्या स्टँडमध्ये लोक जीव तोडून ओरडत होते. दिवसभर गोड बोलणाऱ्या पोरीला ओरडायला जागा मिळाली, मग काय विचारता! घरी आली ती घसा बसवूनच, पण चेहरा असा उजळलेला की आई म्हणाली, "कुठं दिवे लावून आलीस?"

रोव्हर्स त्या वर्षी बरे खेळले. पुढच्या वर्षी करंडक आपलाच, अशी स्टँडमध्ये हवा. फक्त त्यांचा ड्रम वाजवणारा नोकरीसाठी दुबईला गेला होता. स्टँडचे पुढारी नागराज अण्णा, लग्नपत्रिकांचा छापखाना चालवणारे, पोटाने आणि आवाजाने भरभक्कम. ते बोलायचे कन्नड, मी आपल्या भाषेत सांगते. "कुणाच्या घरी काही वाजवायचं असेल तर आणा रे, डबा आणा, बादली आणा!" प्रणिता म्हणाली, "आमच्या घरी हलगी आहे."

आयुधपूजा नुकतीच झाली होती. म्हणजे वर्षभर उमाकांत माळ्यावर बघणार नव्हता. पोरीने मला गोणपाटातून काढलं आणि गोणपाट पुन्हा फुगलेलं दिसावं म्हणून आत आईची सणावाराला कणीक मळायची मोठी परात घालून ठेवली. मला घातलं साड्यांच्या पिशवीत. मेट्रोच्या दारात पिशवी यंत्रातून गेली, तेव्हा शिपायाने विचारलं, "हे काय गोल?" ही म्हणते, "ताट आहे." गं बाई, आप्पाजींची हलगी, आणि ताट! पण इतक्या वर्षांनी उन्हात आले होते, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

स्टेडियमच्या दाराबाहेर तिने मला पहिल्यांदा वाजवून बघितलं. भद्द! पोरीचं तोंड उतरलं. शेजारी भज्यांच्या गाडीवर पवित्राक्का उभ्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतच राहिलेलं मराठी घर त्यांचं, बोलणं निम्मं कन्नड. म्हणाल्या, "अगो, ते गार पडलंय. शेकल्याबिगर वाजल का? आण इकडे. स्वल्प थांब, कढई काढते." त्यांनी उकळत्या तेलाची कढई बाजूला केली, गिऱ्हाईक बोंबलत होतं त्याला "सरी सरी, दोन मिनिटं" म्हणून गप्प केलं आणि मला स्टोव्हवर धरलं. आत काडेपेटी न्यायला बंदी, म्हणून हे त्यानंतर ठरूनच गेलं. प्रत्येक सामन्याच्या आधी भज्यांचा एक घाणा थांबायचा आणि त्या जागी मी तापायचे. त्या बाईंनी कधी कपाळाला आठी घातली नाही. माझ्या अंगाला अजून मिरचीच्या भज्यांचा वास येतो, आणि मला तो फार आवडतो.

तर तो पहिला सामना. मैदानात उतरायच्या बोगद्यातून खेळाडू बाहेर यायला लागले आणि प्रणिताने टिपरू उचललं. तिला येत होती ती एकच चाल. बाबांची. एक मोठा ठोका, लांब थांबणं, दोन बारीक.

अरे देवा, मी मनात म्हटलं. पण मी काय करणार? ज्याच्या हातात टिपरू, त्याचं मी बोलते. मयताची चाल मी अशी काही घुमवली की सगळं स्टेडियम स्तब्ध झालं. स्टँडला ती भयंकर आवडली. नागराज अण्णांच्या अंगावर काटा आला, दंड पुढे करून दाखवत म्हणाले, "काय रुबाब आहे गं अम्मा! राजा चालत येतोय असं वाटतं." इकडेही मयताला तमटे, म्हणजे इकडच्या हलग्या, वाजतात, पण त्यांची चाल निराळी, त्यामुळे कुणाला संशयसुद्धा आला नाही. मधल्या थांब्यात हजार माणसं टाळी द्यायला लागली. आपल्या संघाचा केरळी कप्तान छातीवर हात ठेवून उभा राहिला. संघातली मिझोरामची पोरं माना डोलवत होती.

एकच माणूस जागच्या जागी थिजला. गोलकीपर रणजीत. हा चंदगडकडचा, म्हणजे आमच्याच मुलखाचा. त्याने वळून स्टँडकडे बघितलं, मैदानाच्या मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि गोलाकडे असा चालत गेला की विचारू नका. थोड्याच वेळात त्याच्या हातातून साधा चेंडू निसटला.

फुटबॉलमधलं मला फार कळत नाही. कुस्तीत दोघांतला एक पडतो आणि विषय संपतो. इथे कुणी पडलं की शिट्टी वाजते आणि पडलेला उठून भांडतो. पण हरणं कुणालाही कळतं. रोव्हर्स पहिला सामना हरले, दुसरा हरले, तिसऱ्यात शेवटच्या क्षणी बरोबरी हातची घालवली. गोल करणाऱ्या पोराचा गुडघा गेला. दिवाळीनंतर प्रशिक्षक बदलला, नाताळनंतर पुन्हा बदलला. एका सामन्यात तर आपल्याच पोराने आपल्याच गोलात चेंडू मारला आणि तोंडावर जर्सी ओढून उभा राहिला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

आणि प्रत्येक सामन्याच्या सुरुवातीला आम्ही काय वाजवत होतो? तीच! स्टँडची ओळखच झाली होती ती. लोक फोनवर चित्रफिती टाकायचे, खाली जांभळे बदाम.

हळूहळू स्टँड विरळ झाला. आधी मैत्रिणी यायच्या बंद झाल्या, मग नुसते ओरडायला येणारे, मग जर्सी विकत घेतलेले. प्रणिता येत राहिली. बेळ्ळंदूरहून सुटून, त्या गर्दीतून दोन बस बदलून, घरून मला घेऊन, धापा टाकत. एकदा आजूबाजूच्या खुर्च्या इतक्या रिकाम्या होत्या की माझा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होता. तरी पोरगी तेवढ्याच जोराने वाजवत होती. बोलावलेलं कुणी नाही, धमकावलेलं कुणी नाही, फक्त आपल्या अकरा पोरांना एकटं वाटू नये म्हणून. आप्पाजींच्या काळात मला हे कधी ठाऊकच नव्हतं. संघ हरत होता आणि मी सुखात होते, आता काय म्हणाल ते म्हणा.

एका पराभवानंतर खेळाडू स्टँडपुढे टाळ्या द्यायला आले. रणजीत कठड्यापाशी थांबला. "ताई, गाव कुठलं तुमचं?"

"निपाणीकडचं. खरं मी इथलीच."

"ही चाल कुणी शिकवली?"

"बाबांनी. म्हणजे शिकवली नाही, ऐकून ऐकून आली."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. काहीतरी ओठावर आलं होतं. "बरं," एवढंच म्हणाला आणि हातमोजे काढत निघून गेला. प्रणिता वेडी, "त्याला चाल आवडली," म्हणून मेट्रोत एकटीच हसत होती.

घरी मात्र चोरी पकडली गेली होती. संक्रांतीला राजलक्ष्मीला पोळ्यांसाठी परात हवी होती. सगळं घर धुंडाळलं, शेवटी स्टूल लावून माळ्यावर चढली, गोणपाट चाचपलं. गोणपाटातून परात निघाली. खाली उतरून ती प्रणितासमोर उभी राहिली.

"कुठं नेतीस तिला?"

"मॅचला." पोरीचा आवाज बारीक झाला. "बाबांना सांगू नको गं आई. ते तिला परत वर टाकतील."

राजलक्ष्मीने पोरीच्या तोंडाकडे बघितलं. मग परात पुन्हा गोणपाटात घातली, माळ्यावर ठेवली, आणि सणाची कणीक पातेल्यातच मळायला लागली. उमाकांतने एकदा विचारलंही, "परातीला काय झालं?" तर म्हणाली, "चिरली." मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले, पण मला हात कुठे आहेत?

होता होता शेवटचा सामना उरला. जिंकलं तर वाचलो, नाही तर खालच्या लीगमध्ये. स्टँडचा राग कढत होता. नागराज अण्णांनी एक बेत काढला. "मॅच संपली की क्लबची तिरडी काढायची! बांबू आणतो, फुलं आणतो, चार जण खांदा देतील. आणि प्रणिता, पुढे तू मयताचं वाजवायचं. तुमच्या गावाकडे असेल ना काही खास चाल?" सगळे हसले. प्रणिताही हसली, आणि म्हणाली, "बाबांना विचारून सांगते."

सामन्याच्या दिवशी सकाळी, रविवार होता, उमाकांत पोहे खात बसला होता. मी दाराआड साड्यांच्या पिशवीत.

"बाबा, गावाकडे मयताला हलगी कशी वाजवायचे हो?"

उमाकांतचा घास थांबला. "कशाला पाहिजे तुला?"

"असंच. सांगा ना."

"मला न्हाई आठवत."

"थोडी तरी?"

"न्हाई म्हटलं न्हवं." तो जरा चिडलाच. ताट बाजूला सारलं, खिडकीबाहेर बघत बसला. आणि बघता बघता त्याची बोटं ताटावर पडली. एक मोठा ठोका. लांब थांबणं. दोन बारीक.

"ती बघ, अशी," तो म्हणाला. "अशीच होती." त्याचं त्यालाच नवल वाटलं.

प्रणिता पांढरी पडली. "बाबा, ही?"

"व्हय."

"बाबा, ही तर तुम्ही रोज वाजवता. जेवण झालं की. मी लहान होते तेव्हापासून."

"मी?" उमाकांतने आपल्या बोटांकडे बघितलं. "मी वाजवतो?"

राजलक्ष्मी ओट्यापाशी पाठमोरी होती, वळून म्हणाली, "रोज वाजवता की. मला वाटायचं तुम्हाला ठाऊक आहे."

उमाकांतने बोटं मुठीत आवळली. "ही मी माझ्या बापासाठी वाजवलीया. एकदाच. त्यानंतर..." इतकी वर्षं तो आपल्या बापाला रोज खांदा देत होता आणि त्याचं त्याला कळलं नव्हतं.

आणि तेवढ्यात प्रणिता हुंदके देऊन रडायला लागली. "बाबा, मी वर्षभर त्यांना हीच वाजवली! खेळायला उतरले की हीच! तो गोलकीपर तिकडचाच आहे, त्याला कळत असणार, बाबा, मी काय केलं हे!" बोलता बोलता सगळंच बाहेर पडलं. तिने दाराआडून मला आणून त्याच्यासमोर ठेवलं. झालं, मी मनात म्हटलं, आता पुन्हा माळा. आता कायमचा.

उमाकांत माझ्याकडे बघत राहिला. माझ्या कडेला तेलाचे डाग, कातड्यावर टिपरूच्या खुणा. मग त्याने विचारलं, आणि आवाज अगदी दबका होता, "कुणी बोलावलं तुला वाजवायला?"

"कुणी नाही. मीच नेली."

"हाक कशी मारतात?"

"हलगी अक्का म्हणतात." ती नाक पुसत म्हणाली. "कुणीतरी पाणी देतं, कुणी भजी आणतं, आधी मला देतात. मागे एक गोल झाला तर मला खांद्यावर घेऊन नाचले."

"खांद्यावर?"

"हो."

"हलगी वाजवणाऱ्याला?"

"हो बाबा."

उमाकांतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. पोरगी घाबरून जवळ गेली, तर हा रडतही होता आणि हसतही होता. "वर्षभर," तो म्हणाला, "वर्षभर जित्याजागत्या पोरांना मयताची चाल! अगं, मग हरतील न्हाई तर काय करतील?" ते ऐकून राजलक्ष्मीला हसू फुटलं, मग प्रणितालाही. मी तर आतून घुमतच होते.

"ऊठ," तो म्हणाला. "तोंड धू. मी येतो."

संध्याकाळी पवित्राक्कांनी कढई बाजूला केली आणि मला घ्यायला हात पुढे केला. उमाकांत म्हणाला, "अक्का, द्या, मी शेकतो." त्याने मला ज्वालेवरून फिरवलं, जवळ नेलं, लांब केलं, मधेच बोटाने टिचकी मारून कान लावला. इतक्या वर्षांत ते बोट काही विसरलं नव्हतं. पवित्राक्का बघत राहिल्या. "हे काय, तुमच्या हातात नुसतं शेकतानाच बोलाय लागलं की हो!"

स्टँडमध्ये शिरताना मागून हाक आली, "ए हलगी!" उमाकांत दचकून ताठ झाला. मी त्याच्या छातीशी होते, मला त्याचं काळीज ऐकू आलं. पण मागोमाग "अक्का!" आलं; ते नागराज अण्णा होते आणि हाक प्रणिताला होती. ते पोट सावरत पायऱ्या उतरून आले, "हे कोण?" "माझे बाबा. ही हलगी माझ्या आजोबांची." अण्णांनी वाकून उमाकांतचा हात धरला, "या, या," म्हणत वाट केली आणि त्याला सगळ्यांत पुढच्या रांगेत, आपल्या शेजारी बसवलं. मागून कुणीतरी भज्यांचा कागद पुढे केला. उमाकांतने त्या भज्यांकडे क्षणभर बघितलं आणि एक उचललं.

खेळाडू बोगद्यातून बाहेर यायला लागले. हजार हात टाळीसाठी वर गेले, नेहमीच्या थांब्याची वाट बघत. प्रणिताने टिपरू बाबांच्या हातात दिलं.

आणि त्याने कुस्तीची चाल धरली!

काय सांगू तुम्हाला! आखाड्यात दोन पैलवान दंड थोपटत फिरतात तेव्हाची ती चाल, पायाखाली विस्तव असल्यासारखी. आप्पाजींनंतर ती माझ्यावर कुणी वाजवली नव्हती. मी फाटेन की काय असं वाटलं, आणि फाटले असते तरी चाललं असतं. स्टँड एक पळभर गोंधळला, मग पाय आपोआप उडायला लागले. गोलाकडे निघालेला रणजीत गर्रकन वळला. त्याने वर बघितलं, त्याला उमाकांत दिसला, आणि त्या पोराने दोन्ही हातमोजे आभाळाकडे उंचावून अशी आरोळी ठोकली की सगळा संघ थबकून बघायला लागला. मग त्याने मांडीवर थाप मारली, खऱ्या पैलवानासारखी, आणि पळतच गोलात गेला.

जिंकले म्हणून सांगितलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. पण खोटं कशाला बोलू? आधी समोरच्यांनी गोल केला. मग मध्यंतरानंतर मिझोरामच्या पोराने डोक्याने चेंडू आत घातला आणि उमाकांतला काय झालं ते कळायच्या आतच लोकांनी त्याला वर उचललं. तो खांद्यावर, मी त्याच्या हातात, खाली प्रणिता डोळे पुसत ओरडत होती, "बाबा, थांबू नका, वाजवा!" त्याने वाजवलं. आप्पाजी, तुम्ही बघायला हवं होतं. रणजीतने त्या दिवशी भिंतीसारखं उभं राहून चेंडू अडवले. शेवटपर्यंत पोरं झुंजली, एकदा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, आणि शिट्टी वाजली. बरोबरी. बरोबरी पुरेशी नव्हती. रोव्हर्स खालच्या लीगमध्ये गेले.

खेळाडू जिथल्या तिथे गवतावर बसले. बाहेर तिरडी तयार होती, बांबू, दोऱ्या, झेंडूची फुलं. कुणीतरी ती कठड्यापर्यंत आणलीसुद्धा. नागराज अण्णांनी उमाकांतकडे बघितलं. त्यांचेही डोळे भरले होते. "वाजवता का, सर?"

उमाकांतने मान हलवली. "न्हाई अण्णा. ती चाल माझ्या बापाची होती. ती आता झाली. हितं कोण मेलंय? सगळी पोरं बसल्यात की समोर, घामानं भिजून. त्यांना उठवायचं सोडून तिरडी काय करताय?"

अण्णांनी त्या बांबूंकडे बघितलं. मग स्वतःच खाली वाकून दोऱ्या सोडायला लागले. एका बांबूला त्यांनी क्लबचा जांभळा झेंडा बांधला, दुसऱ्याला प्रणिताने आपली ओढणी बांधली. फुलं पोरांनी मैदानात फेकली. आणि उमाकांतने पुन्हा कुस्तीची चाल धरली.

आधी रणजीत उठला. मग एकेक करत सगळे उठले आणि आमच्यापुढे आले. रणजीत कठडा ओलांडून वर आला आणि उमाकांतच्या पाया पडला.

"काका, ही चाल आधी कुठं होती हो?"

"माळ्यावर," उमाकांत म्हणाला.

प्रणिताने कान धरले. "मला माहीत नव्हतं हो. खरंच माहीत नव्हतं. सांगितलं का नाही तुम्ही?"

रणजीत हसायला लागला. "ताई, दर सामन्याला मी माझ्याच मयताला निघालोय असं वाटायचं. टीममध्ये कुणाला सांगायची सोय नव्हती, सगळ्यांना ती लई आवडायची." मग म्हणाला, "पण स्टँड रिकामा झाला तरी तुम्ही येत होता. इतक्या जिवानं माझ्यासाठी कुणी कधी वाजवलं न्हाई. मयताची असंना, म्हटलं, वाजवू दे."

त्या पोराचे उपकार मी कधी विसरणार नाही. उमाकांतने त्याला जवळ घेतलं तेव्हा त्याच्या घामाचा एक थेंब माझ्या कातड्यावर पडला आणि लगेच सुकला.

आता मी माळ्यावर नसते. बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी, खिळ्याला टांगलेली असते. राजलक्ष्मीला तिची परात परत मिळाली. पुढचा हंगाम खालच्या लीगचा, मैदान छोटं, म्हणे बसायला नुसत्या पायऱ्या आहेत. रणजीत दुसरीकडून बोलावणं आलं तरी गेला नाही, इथेच थांबलाय. पवित्राक्कांनी नव्या मैदानाचा पत्ता विचारून घेतलाय, गाडी तिकडे लावणार आहेत. येत्या आयुधपूजेला मला कुंकू लागेल, आणि या वेळी नंतर वाजवणारही आहेत, तसं कबूल केलंय मला.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर असं काही गुंडाळून ठेवलेलं असेल, तर एकदा काढून उन्हात धरा. वाजलं नाही तर रागावू नका, ते फक्त गार पडलेलं असतं. आणि पोराबाळांना त्याच्या सगळ्या चाली सांगा, एकच सांगू नका. त्या सांगितल्या नाहीत म्हणून आमच्या बिचाऱ्या रोव्हर्सचं काय झालं ते ऐकलंतच.

ऊन सरकलं, अंग गार पडायला लागलंय, तेव्हा आता पुरे. स्वयंपाकघरात जेवणं आटोपलेली दिसतात. उमाकांतची बोटं ताटावर पडली. थांबा, ऐकू द्या मला.

कुस्तीची आहे.